जास्वंदीच्या कुंडीत हिरवी मखमल

प्रश्न : गॅलरीतल्या जास्वंदीच्या कुंडीत मातीवर हिरवंगार शेवाळ चढलंय. त्यातून तांबूस काड्याही निघाल्यात. जास्वंदीची पानं पिवळी पडतात, कळ्या गळतात. हे शेवाळ खत खातंय का? आणि उन्हाळ्यात ते वाळून पुन्हा हिरवं होतं, मग जास्वंद का नाही होत?

उत्तर : काड्या निघाल्या म्हणजे ते शेवाळ नव्हे, मॉस आहे, म्हणजे इवल्या पानांची, फुलं न येणारी वनस्पती; वर्णनावरून त्यातला फ्युनेरिया हा प्रकार. शेवाळ बुळबुळीत असतं, त्याला पानं नसतात. भिंगातून पाहा : मॉसची इवली पानं दिसतील, काडीच्या टोकाला वाकलेली बोंडी. ती कळी नव्हे. तिच्यात बीजाणू असतात, म्हणजे नवं मॉस उगवणारे धुळीसारखे कण, बिया नाहीत.

खत खाण्याचा आरोप मात्र चुकीचा. मॉसला मुळंच नाहीत. मूलाभ नावाचे धागे मातीला धरून ठेवतात, एवढंच. शिरेचा भाग सोडला तर पान एका पेशीच्या जाडीचं, त्यामुळे पाणी थेट पानातून आत शिरतं. हळूहळू वाळलेलं मॉस पाणी शिंपडल्यावर पुन्हा तरारतं ते म्हणूनच. शिवाय त्याच्या पेशी सुकणं सोसतात. जास्वंदीच्या पेशींना ते जमत नाही. ती मुळांनी पाणी ओढते, जलवाहिन्यांतून शेंड्यापर्यंत चढवते, पानांवरच्या मेणचट थराने राखते. मुळं बिघडली की सगळं थांबतं.

तुमच्याकडे बहुधा तेच झालंय. मॉस हे कारण नाही, खूण आहे : उन्हाळा सोडला तर वरची माती सुकतच नाही. ओल्या मातीत हवा उरत नाही, मुळं कुजतात. मग पानं पिवळी, कळ्या खाली. अशा वेळी लोक आणखी पाणी घालतात!

खुरप्याने मॉस खरवडा, वरची इंचभर माती मोकळी करा. कुंडीचं भोक काडीने साफ करा, खालच्या ताटलीतलं पाणी ओतून टाका. बोट दोन पेरं खुपसून माती कोरडी लागली तरच पाणी द्या. रोज पाच-सहा तास ऊन हवं. पंधरा दिवसांत फरक नाही पडला तर झाड उपसा. काळी, मऊ मुळं छाटून दोन भाग माती, एक भाग शेणखत, एक भाग जाड वाळू अशा मिश्रणात लावा. आठ दिवस सावलीत ठेवा, महिनाभर खत नको. शेंडे थोडे छाटा, कारण उरलेल्या मुळांना तेवढी पानं पोसवत नाहीत.

कळ्यांच्या देठाशी कापसासारखं पांढरं दिसलं तर तो पिठ्या ढेकूण, रस शोषणारी कीड. त्याचा उपाय वेगळा.