ब्रँच नंतर बदलता येईल असं धरून चालू नका

ताई, तुमचा मेसेज दोनदा वाचला. मुलाला इलिनॉय अर्बाना-शॅम्पेनला मेकॅनिकल मिळालंय, शेजारच्या इंडियाना राज्यातल्या पर्ड्यू युनिव्हर्सिटीला फर्स्ट इयर इंजिनिअरिंग, मनातून त्याला कॉम्प्युटर हवंय, आणि साताऱ्याहून आजोबा रोज सकाळी सातला व्हिडिओ कॉल लावून विचारतायत की दोन्हीतलं मोठं कुठलं (तुमच्याकडं शिकागोत रात्रीचे साडेआठ, पोरगं ताटावर बसलेलं). त्यांना सांगा, दोन्ही मोठीच, एक 1867 चं, एक 1869 चं, दोन्ही सरकारी आणि दोन्हीकडं गावाबाहेर पडलं की मक्याची शेतं. रँकिंगवरून घरात वाद घालू नका.

बघायचं ते ब्रँचचं. इलिनॉयला ॲडमिशनच ब्रँचवर होते, मेकॅनिकलला शिरून मग कॉम्प्युटर सायन्सला जाऊ म्हणाल तर ते दार जवळपास बंदच आहे. पर्ड्यूला पहिलं वर्ष कॉमन, मग मार्क बघून ब्रँच, म्हणजे कॉम्प्युटर इंजिनिअरिंगची आशा राहते, पण कॉम्प्युटर सायन्स तिथं सायन्स कॉलेजात येतं, इंजिनिअरिंगमध्ये नाही, आणि हे बऱ्याच घरांत फी भरून झाल्यावर कळतं.

आमच्या घरी असंच झालं. लेकीनं एका मोठ्या स्टेट युनिव्हर्सिटीत "आत तर जाऊ, बदलू नंतर" म्हणून दुसरीच ब्रँच घेतली, वर्गात तीनशे पोरं, शंका विचारायची तर टीएच्या (प्राध्यापकाला मदत करणाऱ्या सिनिअर विद्यार्थ्याच्या) तासाला रांग, वर्षभर राबली आणि शेवटी दोन ओळींचा मेल आला की जागा नाहीत. त्या रात्री ती फोनवर काहीच बोलली नाही, नुसता श्वास ऐकू येत होता. चूक आमची होती, आम्ही आधी विचारलंच नव्हतं.

पैशाचं म्हणाल तर तुम्ही इलिनॉयचे रहिवासी, तिथली ट्यूशन तुम्हाला स्वस्त पडेल. पर्ड्यूनं 2013 पासून मूळ ट्यूशन वाढवलेली नाही तरी बाहेरच्या राज्यातल्यांना वर्षाला साधारण 29 हजार डॉलर लागतातच, राहणं-खाणं आणि इंजिनिअरिंगची जादा फी वेगळी. चार वर्षांचा हिशोब कागदावर मांडा, एका वर्षाचा नको.

आजोबा रयतच्या कमवा व शिका योजनेत शिकलेले, म्हणून ते म्हणतात पोरानं मेसमध्ये काम करावं, त्यांचं मन मी समजू शकते. पण मुलगा अजून एच-4 वर (आई-वडिलांच्या एच-1बी नोकरीच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या व्हिसावर) असेल तर त्याला कॅम्पसवरसुद्धा काम करता येत नाही, एफएएफएसए (सरकारी शिक्षण-मदतीचा अर्ज) भरून सरकारी मदतही मिळत नाही, आणि 21 पूर्ण झाले की एच-4 संपतो, म्हणजे साधारण तिसऱ्या वर्षी एफ-1 (विद्यार्थी व्हिसा) घ्यावा लागणार. तेव्हा इन-स्टेट (राज्यातल्या रहिवाशांची) फी राहणार का, हे रेसिडेन्सी बघणाऱ्या ऑफिसला आत्ताच मेलवर विचारा, फोनवरचं तोंडी उत्तर धरू नका.

माझं मत विचारलंत म्हणून सांगते, कॉम्प्युटरच हवं असेल आणि कॉम्प्युटर इंजिनिअरिंग चालत असेल तर पर्ड्यू, मशीनमध्येही त्याचा जीव रमत असेल तर डोळे मिटून इलिनॉय. ते त्याला विचारा, पण आजोबांच्या कॉलवर नको, गाडीत दोघंच असताना विचारा. 1 मेच्या आत डिपॉझिट भरायचंय, या शनिवारीच बोला.