वाचक विचारतात : ग्वामला जाताय? तोफा नंतर बघा

प्रश्न : आम्ही ग्वामला, म्हणजे प्रशांत महासागरातल्या अमेरिकेच्या ताब्यातल्या बेटावर चाललोय. मिस्टरांना तोफा बघायच्यात, मला मात्र तिथल्या साध्या लोकांनी दुसऱ्या महायुद्धात दिवस कसे काढले ते बघायचंय. नेमकं कुठे जाऊ? सोबत चौदा वर्षांचा मुलगा आहे, म्युझियम म्हटलं की त्याचं तोंड वाकडं होतं.

उत्तर : आधी राजधानी हगात्न्यातलं ग्वाम म्युझियम बघा, कारण युद्धाच्या आधीचे चामोरो, म्हणजे बेटावरचे मूळचे लोक कळले तर पुढचं कळतं. मग नेव्हल बेसच्या गेटबाहेरचं टी. स्टेल न्यूमन व्हिजिटर सेंटर. वेळा मात्र निघायच्या आधी बघून घ्या.

8 डिसेंबर 1941 ला लोक सणाच्या मिसाला चर्चमधे असतानाच जपानी विमानं आली आणि 10 तारखेला अमेरिकन गव्हर्नरने शरणागती पत्करली. पुढची अडीच वर्षं म्हणजे बेटाचं नाव ओमियाजिमा, शाळेत जपानी भाषा, सैनिक दिसला की वाकून नमस्कार, आणि भातशेती नि विमानाच्या धावपट्ट्यांवर सक्तीची मजुरी. जॉर्ज ट्वीड नावाचा एक अमेरिकन नौसैनिक लपून राहिला होता, त्याच्या पत्त्यासाठी लोकांनी बेदम मार खाल्ला, फादर दुएन्यास यांचा तर जुलै 1944 मधे शिरच्छेद झाला. त्याच महिन्यात हजारो लोकांना, म्हातारे-तान्ही पोरं सगळे, पावसाचिखलातून मानेंगॉनच्या छावणीत चालवत नेलं. हे सगळं डोक्यात असेल तर असान ओव्हरलूक या टेकडीवरच्या स्मारकाच्या भिंतीवरची, युद्धात होरपळलेल्या चामोरो लोकांची नावं नुसती यादी वाटत नाही. मिस्टरांना तिथे जरूर न्या, 21 जुलैला अमेरिकन सैन्य उतरलं तो किनारा समोरच खाली दिसतो, म्हणजे त्यांचंही काम होईल.

मुलाला योकोईची गोष्ट सांगा, बघा कान टवकारतो की नाही! शोइची योकोई हा जपानी सैनिक 1972 च्या जानेवारीत तालोफोफो भागात सापडला, तोवर तो लपूनच होता, युद्ध संपल्याचं कळूनसुद्धा. मूळचा शिंपी, त्यामुळे रानजास्वंदीच्या सालीचे धागे काढून कापड विणायचा आणि कपडे शिवायचा (माझ्या मते अख्ख्या सहलीत त्याला हेच जास्त लक्षात राहील). पण तो लपला होता ते बेट चामोरोंचं, हेही सांगा, नाहीतर पोरं त्याला हीरो करून टाकतात.

आणि हो, ग्वामला अमेरिकेचाच व्हिसा लागतो, भारतीय पासपोर्टला सूट नाही, तिकिटं त्यानंतरच काढा.