मॉरिशसला अभ्यासाला निघालात? आधी हंगाम बघा

मॉरिशसचा साखरधंदा समजून घ्यायचा असेल तर जानेवारीत जाऊन उपयोग नाही. ऊसतोड जूनच्या सुमारास सुरू होते आणि वर्षअखेरीला आटोपते; एरवी कारखान्यात फक्त दुरुस्तीची कामं दिसतील. त्यात जानेवारी ते मार्च म्हणजे चक्रीवादळांचे दिवस. हंगामात बगॅसवर, म्हणजे रस काढून उरलेल्या उसाच्या चिपाडावर, वीज कशी तयार होते ते बघाच, आणि बगॅस संपल्यावर बॉयलरमध्ये काय जळतं तेही विचारा. उत्तर बहुतेक 'कोळसा' येईल. युरोपची हमीभावाने साखरखरेदी 2009 मध्ये थांबली. त्याआधीचे आणि नंतरचे आकडे वेगवेगळे मांडा, नाहीतर सगळा हिशोब चुकेल.

लोकांशी बोलायचं तर निघण्यापूर्वी कामचलाऊ क्रिओल, म्हणजे फ्रेंचमधून घडलेली तिथली बोली, शिका. कार्यालयात इंग्रजी चालतं, वर्तमानपत्रं मुख्यतः फ्रेंच, पण घरात बोलतात ती क्रिओल. तिथल्या मराठी घरांतही तेच. मराठीतून प्रश्नावली नेलीत तर आदरातिथ्य भरपूर होईल, माहिती तुटपुंजी मिळेल. गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते, त्या दिवशी कारखानाभेट ठरवू नका, विसर्जनाला जा. राजधानी पोर्ट लुईचा आप्रवासी घाट, म्हणजे भारतातून आणलेले मजूर जिथे उतरत ती जागा, मात्र पहिल्याच आठवड्यात बघा. 1834 पासूनची गिरमिटिया, म्हणजे कराराने बांधलेली, मजुरी कळल्याशिवाय उसाच्या फडाभोवतीची गावं उमगत नाहीत.