सेवेचे तास मोजले तर सेवा खोटी ठरते का?

"मनापासून सुरू केलेलं काम आता नकोसं वाटायला लागलंय. थांबवलं तर मी स्वार्थी ठरेन का?" वर्षानुवर्षे आपल्या गल्लीसाठी किंवा वस्तीसाठी राबलेली माणसे समुपदेशनासाठी माझ्याकडे येतात, तेव्हा हा प्रश्न हटकून विचारतात आणि विचारताना त्यांचा आवाज खाली जातो. विद्यापीठात नोकरी करणाऱ्यांकडून तो मी अधिक वेळा ऐकला आहे, त्याला कारणही आहे. विद्यापीठातला शिपाई असो, लिपिक असो की प्राध्यापक, आजूबाजूच्या लोकांच्या लेखी तो शिकलेला, सरकारी कागद समजणारा आणि 'आत' ओळख असणारा माणूस असतो. दाखला कुठे मिळतो, प्रवेशाची मुदत कधी संपते, गुणपत्रिकेवर नाव चुकले तर कोणाला भेटायचे, हे सगळे विचारायला लोक त्याच्याच दारात येतात. अशाच एका ताईंचा अनुभव त्यांच्या परवानगीने आणि ओळख पटेल असे तपशील बदलून येथे मांडते आहे.

ताई पश्चिम महाराष्ट्रातील एका विद्यापीठाच्या परीक्षा विभागात वरिष्ठ सहायक आहेत. वय 46. झोप लागत नाही म्हणून यजमानांच्या आग्रहाने त्या माझ्याकडे आल्या. बसल्या बसल्या त्यांनी मोबाइल टेबलावर पालथा ठेवला. पहिल्या दहा मिनिटांत तो तीनदा थरथरला आणि तिन्ही वेळा त्यांनी त्यावर तळहात दाबून धरला, जणू एखाद्या रडणाऱ्या मुलाला थोपटून गप्प करावे. मग म्हणाल्या, "मॅडम, संध्याकाळी बसमधून उतरून गल्लीत वळले की मी आधी आमच्या दाराबाहेरच्या चपला मोजते. दोन-तीन जोड असले तर हायसं वाटतं, दहा-बारा दिसले की छातीत धस्स होतं. आणि मग माझीच मला लाज वाटते. ती माणसं माझ्या भरवशावर आलेली असतात हो."

सात वर्षांपूर्वी शेजारच्या मुलीचा शिष्यवृत्तीचा अर्ज भरून देण्यापासून याची सुरुवात झाली होती. ज्यांनी राज्य शासनाच्या महाडीबीटी या ऑनलाइन पोर्टलवर असा अर्ज भरला आहे, त्यांना त्यातली मेख माहीत असते. जातीचे प्रमाणपत्र, तहसील कार्यालयाचा उत्पन्नाचा दाखला, आधारशी जोडलेले बँक खाते, मागील वर्षाची गुणपत्रिका यांतील एखादी गोष्ट जुळली नाही की अर्ज अडतो. महाविद्यालयाने तपासून दुरुस्तीसाठी परत पाठवलेला अर्ज मुदतीत दुरुस्त केला नाही, तर ते वर्ष हातचे जाते. पुढच्या वर्षी नूतनीकरणासाठी पुन्हा अर्ज करावा लागतो तो वेगळाच. ज्या घरात आई धुणीभांडी करते आणि वडील बाजार समितीत हमाली करतात, तिथे यासाठी दिवसाची मजुरी बुडवून खेटे घालावे लागतात. ताईंनी भरून दिलेला अर्ज मंजूर झाला, त्या मुलीच्या खात्यात पैसे जमा झाले आणि पुढच्या जुलैत पाच मुले आली. 2024-25 पासून, वार्षिक उत्पन्न 8 लाखांपर्यंत असलेल्या आर्थिक दुर्बल, इतर मागास आणि सामाजिक व शैक्षणिक मागास प्रवर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण शुल्कात 100 टक्के सवलत देण्याचा निर्णय राज्य शासनाने घेतला. त्या पावसाळ्यात तर ताईंच्या घरी पाय ठेवायला जागा उरली नाही. एका दोनशेपानी वहीत त्यांनी प्रत्येक मुलाचे एक पान केले होते आणि त्यावर नाव, खात्याचा युजर आयडी आणि पासवर्ड लिहिला होता. माझ्याकडे आल्या तेव्हा त्या वहीत 43 पाने भरलेली होती.

झोप मात्र एकाच पानाने उडवली होती. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका मुलाचा अर्ज हिवाळ्यात दुरुस्तीसाठी परत आला. तो पाहण्याची जबाबदारी ताईंची होती, कारण त्या खात्यात त्यांच्याशिवाय कोणी कधी शिरलेच नव्हते. नेमकी तेव्हाच हिवाळी सत्राच्या निकालांची धांदल होती आणि विभागात रोज रात्री आठपर्यंत बसावे लागत होते. ताईंनी खाते उघडले तोवर मुदत संपून चार दिवस झाले होते. शिष्यवृत्ती गेली आणि मुलाच्या वडिलांनी शुल्कासाठी उसने पैसे काढले. पोर्टलवरच काहीतरी अडचण आली असावी, असे त्या घराने समजून घेतले आणि ताईंनी तो समज दूर केला नाही.

पहिल्या दोन भेटींत मी त्यांना एकही उपाय सुचवला नाही. एवढे ओझे घेऊन आलेल्या माणसाला लगेच 'नाही म्हणायला शिका' असे सांगणे मला योग्य वाटत नाही. ते त्यांनी यजमानांकडून आणि सहकाऱ्यांकडून पुष्कळ ऐकलेले असते आणि दर वेळी त्यांना आपण आणखी एकटे पडल्यासारखे वाटते. मला आधी त्यांच्या रागापर्यंत पोहोचायचे होते. तो दुसऱ्या भेटीच्या शेवटी बाहेर आला. "परवा एक बाई मुलाला घेऊन आली. दाखल्याची झेरॉक्स सुद्धा आणली नव्हती. मी तिच्यावर ओरडले. ती निमूट उठून गेली. मी असं कधी बोलत नव्हते." एवढे सांगून त्या बराच वेळ रडल्या.

दीर्घकाळ माणसांची कामे करणाऱ्यांमध्ये येणाऱ्या या थकव्याचा ख्रिस्टिना मास्लाक या मानसशास्त्रज्ञांनी अभ्यास केला आहे. त्यांनी त्याची तीन अंगे सांगितली: भावना आटून जाणे, समोरच्या माणसाविषयी कोरडेपणा येणे आणि आपल्या हातून काही होत नाही असे वाटत राहणे. मी ताईंना हे समजावून सांगितले, कारण चिडचिडीचा अर्थ त्या 'मी मुळातच चांगली नव्हते, चांगुलपणा वरवरचा होता' असा लावत होत्या. ज्याला मुळात कळवळाच नाही, त्याचा कळवळा आटत नाही. ज्या विहिरीतून रोज उपसा होतो, तीच तळाला जाते.

याच सुमारास बोलता बोलता कळले की, ताई महाविद्यालयात असताना राष्ट्रीय सेवा योजनेच्या स्वयंसेविका होत्या. शिबिराच्या आठवणी सांगताना त्यांचा चेहरा पहिल्यांदा खुलला. मी विचारले, "तेव्हा वर्षाला किती तास काम करायचं असायचं?" त्या चटकन म्हणाल्या, "एकशेवीस. दोन वर्षांत दोनशेचाळीस. आणि सात दिवसांचं शिबिर." ही योजना 24 सप्टेंबर 1969 रोजी, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, 37 विद्यापीठांत सुरू झाली आणि तासांचा हा हिशेब तिच्या रचनेतच आहे. काम ठरवून दिलेले असते, तासांची नोंद होते आणि वर कार्यक्रम अधिकारी असतो. विसाव्या वर्षी ताईंनी जी सेवा केली, तिला काठ होते. आता नोकरी, घर आणि आजारी सासूबाई सांभाळून जी सेवा त्या करत होत्या, तिला सुरुवात आणि शेवटच नव्हता. मी म्हणाले, "तेव्हा तास मोजत होता, म्हणून ती सेवा खोटी होती का?" त्यांनी उत्तर दिले नाही. दोन आठवडे तासांची नोंद ठेवायला मात्र त्या तयार झाल्या.

नोंदीत 14 दिवसांचे 37 तास निघाले आणि त्यांत फोनवरचे बोलणे धरलेले नव्हते. राष्ट्रीय सेवा योजनेच्या हिशेबाने जे काम एका विद्यार्थ्याने वर्षभरात करायचे, तेवढे ताई सात आठवड्यांत संपवत होत्या आणि तरी स्वतःला कामचुकार समजत होत्या. तो आकडा त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलेला होता, म्हणून त्यावर वाद घालता आला नाही.

पुढच्या भेटींत आम्ही त्या मुलाच्या अर्जाकडे वळलो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ विचारपद्धती कि. मो. फडके यांच्या कार्यामुळे महाराष्ट्रात अनेकांना परिचित आहे. तिच्यातील एक भेद मला अशा वेळी फार उपयोगी वाटतो: कृतीचे मूल्यमापन करावे, संपूर्ण माणसाचे करू नये. अर्ज वेळेवर पाहिला नाही ही चूक होती आणि ती ताईंचीच होती. मी त्यांना 'तुमची काही चूक नाही' असे म्हणाले नाही, कारण ते खरे नव्हते आणि त्यांना पटलेही नसते. पण 'माझ्या हातून चूक होताच कामा नये' हा हट्ट आणि 'चूक झाली म्हणजे मी नालायक' हा निकाल, या दोन्ही गोष्टी त्या चुकीला नंतर जोडलेल्या होत्या. हट्ट सोडल्यावर जे उरले ते खेदाचे होते आणि खेद माणसाला काहीतरी करायला लावतो. काय करायचे हे ताईंनीच ठरवले: त्या मुलाच्या घरी जाऊन खरे सांगायचे.

काय बोलायचे याची तयारी आम्ही एक पूर्ण तास केली. तरी जाऊन आल्यावर त्या म्हणाल्या की, ठरवलेले एक वाक्य त्यांना आठवले नाही. मुलाची आई भांडी घासत होती, ती हात न धुताच ऐकत उभी राहिली. वडील काही न बोलता बाहेर निघून गेले. मग ती आई म्हणाली, "ताई, आमचं पोरगं कॉलेजात शिकतंय आन् त्याला स्वतःचा अर्ज उघडता येत नाही, ह्याचंच मला वाईट वाटतंय. त्याला शिकवा की तेवढं."

हे वाक्य त्यांनी मला दोनदा सांगितले. मीही ते त्यानंतर अनेकांना सांगितले आहे. सात वर्षे ताई मुलांचे अर्ज भरत होत्या, पण अर्ज भरणे कोणाला शिकवले नव्हते. स्वतः भरला की वीस मिनिटांत होतो आणि शिकवायला बसले की दीड तास जातो, म्हणून दर वेळी शिकवणे पुढच्या वर्षावर गेले. त्यात आणखी एक धागा होता, जो ताईंनी फार धाडसाने स्वतःच उलगडला: आपल्यावाचून अडते, हे त्यांना आवडतही होते. विभागात वीस वर्षे फायली पुढे सरकवणाऱ्या माणसाला आपल्या गल्लीत किंमत मिळते, याचे सुख काही लहान नसते. त्यात लाज वाटण्याजोगे काही आहे असे मला वाटत नाही, मात्र ते सुख आहे हे स्वतःला माहीत असलेले बरे.

मग आखणी सोपी झाली. शनिवारी दुपारी तीन ते सहा, घराऐवजी वस्तीतल्या समाजमंदिरात, कागदांचे संच पूर्ण असतील तरच. की-बोर्डवर बोटे मुलाची, ताई शेजारी बसणार. आधी अर्ज भरून घेतलेल्या दोन मोठ्या मुली मदतीला. इतर दिवशी फोन आला तर एकच उत्तर: "शनिवारी या." हे एवढे वाक्य आवाज न चढवता आणि कारणे न देता म्हणण्याचा सराव आम्ही माझ्या खोलीत कितीतरी वेळा केला.

कार्यालय आणि वस्ती यांतली सरमिसळ थांबवणे अधिक अवघड होते. "ताई, पोरीचा निकाल जरा आतून बघा ना," असे म्हणणाऱ्या माणसाला त्यात काही गैर वाटत नाही, ज्याने अर्ज भरून दिला त्याने निकालही पाहावा एवढाच त्याचा हिशेब असतो. परीक्षा विभागात काम करणाऱ्याने येथे तसूभरही सैल होऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. यात नोकरीचा प्रश्न आहेच, शिवाय एका निकालाची चौकशी केली की उरलेल्या सगळ्या मदतीवर संशयाची सावली पडते. ताईंनी वाक्य ठरवले: "पुनर्मूल्यांकनाचा अर्ज कसा करायचा ते मी शिकवीन, निकालाबद्दल मी बोलणार नाही." एक नात्यातले गृहस्थ यावर रागावले आणि अजून बोलत नाहीत.

सगळ्याच सेवेला असे वेळापत्रक लावता येत नाही, हेही नोंदवायला हवे. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णा-पंचगंगेला महापूर आला, तेव्हा घड्याळ पाहून मदत करणे कोणालाच शक्य नव्हते. पण पूर ओसरतो. शिष्यवृत्तीचे अर्ज दर पावसाळ्यात येतात, पुढच्याही येतील, आणि दरवर्षी येणाऱ्या कामात पुरासारखी धावपळ करत राहिले तर माणूस टिकत नाही.

आठ महिन्यांनी ताई शेवटच्या भेटीला आल्या, तेव्हा झोप बरीच सुधारली होती, पूर्ण नाही. चार-पाच घरांनी येणे बंद केले होते आणि त्याचे त्यांना वाईट वाटत होते. ज्या मुलाची शिष्यवृत्ती गेली, त्याच्या वडिलांनी उसने घेतलेले पैसे अजून फिटायचे होते. ताईंनी त्यातली काही रक्कम देऊ केली, ती त्यांनी घेतली नाही. मुलाने मात्र त्या वर्षीचा अर्ज स्वतः भरला.

निघताना त्यांनी पिशवीतून ती दोनशेपानी वही काढून दाखवली. शिवणीजवळ फाडलेल्या पानांच्या कडा उभ्या होत्या. गेल्या काही शनिवारी एकेक पान फाडून त्यांनी ज्याचे त्याच्या हातात दिले होते आणि समोर बसवून पासवर्ड बदलून घेतला होता. नवा पासवर्ड टाकताना मूल लाजून मोबाइल त्यांच्यापुढे धरी, तेव्हा त्या मान दुसरीकडे वळवत. वहीत अजून सहा पाने शिल्लक होती.