‘गोल्डन वीक’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न असा आहे: जपानमधल्या ‘गोल्डन वीक’ या जोडून येणाऱ्या सुट्ट्यांसाठी ‘सुवर्ण सप्ताह’ म्हटलं तर चालेल का?

मला ते पटत नाही. ‘सप्ताह’ म्हटलं की मराठी कानाला आधी अखंड हरिनाम ऐकू येतं. वीणा, पहारा, काल्याचं कीर्तन. ‘सुवर्ण’ म्हटलं की कशाला तरी पन्नास वर्षं झाली असावीत असं वाटतं. सुट्टी कुठेच दिसत नाही.

एप्रिलअखेर ते ५ मे या दिवसांचं हे नाव १९५०च्या दशकात तिथल्या चित्रपट व्यवसायानं रूढ केलं. जपानी लोकांनी इंग्रजी शब्दच ‘गोरुदेन वीकु’ असा घेतला. विशेषनाम म्हणून आपणही ‘गोल्डन वीक’च ठेवावं. चिनी लोकांनी मात्र अर्थ घेतला: ‘ह्वांगजिन’ म्हणजे सोनं, ‘चोउ’ म्हणजे आठवडा. चीनमध्ये अशी सलग सात दिवसांची सुट्टी सुरू झाली १९९९च्या राष्ट्रदिनापासून. त्याला ‘सोनेरी आठवडा’ शोभेल.

खरा गोड शब्द वेगळाच आहे. जपानची सार्वजनिक प्रसारण संस्था एनएचके ‘गोल्डन वीक’ टाळून ‘ओगाता रेंक्यू’ म्हणते. ओगाता म्हणजे मोठी. ‘रेन’ म्हणजे जोडलेलं, ‘क्यू’ म्हणजे विश्रांती. आपण रोज म्हणतो त्या ‘जोडून सुट्ट्या’च की! जोडाक्षर, जोडशब्द चालतात, तर ‘जोडसुट्टी’ का नको? या ‘क्यू’चं अक्षर पाहा: डावीकडे माणूस, उजवीकडे झाड. झाडाला टेकून बसलेला माणूस म्हणजे विश्रांती.

चिनीत तेच अक्षर ‘शिउ’ होतं आणि ‘थ्याओशिउ’ या शब्दात बसतं. सलग सात दिवस मिळावेत म्हणून आजूबाजूचे शनिवार-रविवार कामाचे करतात, त्याचं हे नाव. तिथले नोकरदार त्यावर मनापासून चिडतात, आणि ते योग्यच आहे. स्वतःचाच रविवार उसना घेतलेला. याला ‘सुट्टीची अदलाबदल’ म्हणावं, ‘बदली रजा’ नको. तिच्यात आधी जादा काम केलेलं असतं.

सुट्ट्यांमध्ये कामाचे दिवस घुसले की जपानीत ‘तोबिइशी रेंक्यू’. तोबिइशी म्हणजे बागेत पाऊल टाकण्यासाठी अंतराअंतरावर बसवलेले दगड. १९८५मध्ये कायदा बदलून दोन सुट्ट्यांमधला एकटा दिवसही सुट्टीचा केला, म्हणून ३ आणि ५ मेच्या मधला ४ मे मोकळा झाला. २९ एप्रिलच्या सुट्टीनंतरची फट मात्र राहिलीच. मराठीत मी ‘तुटक जोडसुट्टी’ म्हणेन, पण दगडावरून दगडावर टाकलेलं पाऊल त्यात येत नाही. कुणाला याहून नेमका शब्द सुचला तर मला हवा आहे.