मराठवाड्यात खेडोपाडी फिरताना कोणते प्राणी आणि किडे भेटतात, जपायचं कशापासून?

तुम्ही विचारलंय की जूनच्या दुसऱ्या आठवड्यात दुचाकीवरून परभणी-हिंगोली भागात गावोगाव फिरायचंय, एकदोन मुक्काम आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या राहत्या खोपीवर होतील, तर वाटेत काय भेटेल आणि भीती कशाची बाळगावी. मी बारा वर्षं जिंतूर, सेनगाव, औंढा या पट्ट्यात ठिबक बसवायचं काम करतो. रोज कुणाच्या तरी धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, माळावर असतो. जे स्वतः पाहिलंय तेच सांगतो.

रस्त्यावर आधी हरणं भेटतील. इथं हरण म्हणजे बहुतेक वेळा काळवीट. नर काळा, पिळाच्या शिंगांचा. मादी तांबूस, बिनशिंगाची. दिवस उगवताना आणि मावळताना ती रस्ता ओलांडतात. एक आडवं गेलं की वाट मोकळी झाली असं समजून गाडी दामटू नका. मागचा कळप त्याच जागेवरून उड्या घेत येतो. रोही, म्हणजे नीलगाय, त्याहून जास्त धोक्याचा. नर दोनशे किलोच्याही पुढं भरतो आणि तिन्हीसांजेला त्याचा राखी रंग डांबरात मिसळून जातो. अंधार पडायच्या आत मुक्कामाला पोचा, एवढंच. आणि शेतकऱ्यासमोर हरणांचं कौतुक जरा जपून करा. उगवलेलं सोयाबीन ती एका रात्रीत खुडून टाकतात, माणसं पेरणीपासून राखणीला जागी असतात.

लांडगा दिसला तर नशीब समजा. मी दोनदाच पाहिलाय, दोन्ही वेळा मेंढ्या कोंडायच्या जाळीपासून, वाघरीपासून, दोनेकशे पावलांवर. कुत्र्यासारखाच वाटतो, पण शेपूट खाली सोडलेली असते आणि चालताना तो माणसाकडं बघत बघत दूर जातो. सहसा अंगावर येत नाही.

आता ज्याच्यापासून खरंच जपायचं त्याविषयी. तो लाल विंचू. पावसाच्या पहिल्या आठवड्यात मी आणि माझ्या हाताखालचा पोरगा धुऱ्यावर पडलेलं लॅटरलचं, म्हणजे ठिबकच्या नळीचं, बंडल उचलत होतो. बंडलाच्या खालच्या वेटोळ्यात तो बसला होता, बोटाएवढासुद्धा नाही, तांबूस, पाय फिके. पोराच्या अंगठ्याला नांगी लागली. पहिला पाऊण तास तो कळांनी नुसता तडफडत होता. मग म्हणाला, आता दुखणं कमी झालंय. आम्हाला हायसं वाटलं. पण त्याच्या कपाळावरून घामाच्या धारा लागल्या होत्या, सदरा भिजला होता, आणि हात हातात घेतला तर बर्फासारखा गार. दोनदा उलटी झाली. शेतमालक म्हातारा म्हणाला, "दुखणं थांबलं म्हणून बसू नका, आधी दवाखाना गाठा." ग्रामीण रुग्णालयात डॉक्टरांनी एक छोटी गोळी दिली, रात्रभर ठेवून घेतलं. सकाळी पोरगा चहा पीत बसला होता.

त्या गोळीचं नाव प्राझोसिन. मुळात ती रक्तदाबाची गोळी. लाल विंचवाच्या विषानं अंगातली ताणाची रसायनं एकदम उसळतात, रक्तदाब चढतो, हृदय थकतं आणि फुप्फुसात पाणी भरतं. माणूस त्यानं दगावतो. ही गोळी नेमकी ती उसळी मोडते. कोकणात महाडला बसून विंचूदंशाचे रुग्ण वर्षानुवर्षं तपासत डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी हा उपचार रुजवला. ते मूळचे आपल्याच जालना जिल्ह्यातल्या देहेडचे. 2022 साली त्यांना पद्मश्री मिळाली. आमच्याकडं अजूनही काही जण विंचू उतरवायला मांत्रिकाकडं नेतात, तेव्हा मी त्यांना हीच गोष्ट सांगतो. काळी इंगळी, म्हणजे काळा विंचू, आकारानं मोठी, बघूनच धडकी भरते, पण विषात ती लाल्यापेक्षा सौम्य.

म्हणून आखाड्यावर मुक्काम असला तर बूट झटकून घाला, अंथरूण झटका, सरपण आणि दगड डोळ्यांनी बघून उचला. जमिनीवर झोपू नका, बाज मागा आणि मच्छरदाणी लावा. मण्यार रात्री फिरतो आणि त्याचा दंश कित्येकदा झोपेत कळतही नाही. घोणस कुकरच्या शिट्टीसारखी फुत्कारते. अजगराचं पिल्लू समजून तिला हात लावणारे मी पाहिलेत. धामण मात्र बिनविषारी, उंदीर खाणारी. ती म्हशीच्या पायाला विळखा घालून दूध पिते हे खरं नाही. साप चावलाच तर कापू नका, करकचून बांधू नका, तो भाग हलवू नका, 108 ला फोन करा.

वडाला किंवा पाण्याच्या टाकीला आग्या मोहोळ दिसलं तर खाली विडी-शेगोटी नको, दगड तर नकोच. उठलंच तर तोंड झाकून लांब पळा, मारत बसू नका. डंखाच्या वासावर बाकीच्या माश्या येतात. रुतलेला काटा नखानं लगेच खरडून काढा.

आर्द्रा लागल्यावर शंखी गोगलगायी बाहेर पडतात. 2022 साली लातूर, धाराशिव, बीडकडं त्यांनी उगवतं सोयाबीन फस्त केलं, लोकांना दुबार पेरणी करावी लागली. उघड्या हातानं उचलू नका. वाणी, तो पुष्कळ पायांचा लांबट किडा, मात्र पोरांना दाखवण्यासारखा, बोट लावलं की पैशासारखा वेटोळं होऊन पडतो.

आणि तुम्ही नेमके मृगात येताय, तर एक गोष्ट चुकवू नका. चांगला पाऊस पडून गेला की दुसऱ्या सकाळी ऊन तापायच्या आत काळ्या रानात खाली बघत चाला. मृगाचा किडा दिसेल, लालभडक मखमलीचा. लहानपणी आम्ही तो काडेपेटीत घालून शाळेत न्यायचो. नाव किडा, पण पाय आठ. जवळचा म्हणाल तर कोळ्याच्या गोतातला. हातावर घेतला की सगळे पाय पोटाशी ओढून गोळा होतो. थोडा वेळ हात हलवू नका. एकेक पाय बाहेर काढत तो पुन्हा चालायला लागतो, आणि तळहातावर जेमतेम गुदगुली होते. मग जिथून उचलला तिथंच सोडा. थोड्या दिवसांत तो मातीखाली जातो, आणि पुढच्या मृगापर्यंत कुणाला दिसत नाही.