जपानचा अॅम्प्लिफायर मागवताय? आधी व्होल्टेज बघा

फक्त जपानमध्येच विकला जाणारा अॅम्प तुम्हाला आवडलाय, तर जरूर प्रयत्न करा. पहिल्यांदाच मागवणाऱ्याला जमण्यासारखं काम आहे हे. फक्त पैसे भरायच्या आधी मागच्या बाजूच्या पट्टीचा फोटो मागा.

त्यावर 100 व्होल्ट लिहिलेलं असेल. आपल्याकडे 230. नवखे सगळ्यात जास्त फसतात ते इथेच. कुणी थेट सॉकेटमध्ये लावतो (माझा पहिला अॅम्प असाच गेला, अजून हळहळ वाटते), तर कुणी अमेरिकन वस्तूंसाठीचा 110 चा ट्रान्सफॉर्मर आणतो. तोही जास्तच. 230 चे 100 करणारा स्टेप-डाउन बनवून घ्या. मुंबईत लॅमिंग्टन रोडला चौकशी करा. पट्टीवरच्या वॅटच्या निदान दीडपट क्षमतेचा घ्या, म्हणजे तापणार नाही. प्लगचं अॅडॉप्टर व्होल्टेज बदलत नाही, हे पक्कं लक्षात ठेवा.

बाकी थोडक्यात:

- नवीनच घ्या. वापरलेल्या मालाच्या आयातीवर आपल्याकडे निर्बंध आहेत. ‘जंक’ लिहिलेलं स्वस्त दिसलं तरी सोडा, तिथे त्याचा अर्थ ‘चालेल याची हमी नाही’.
- कस्टम ड्यूटी वस्तूच्या किमतीवरच नाही, पाठवणीचा खर्च आणि विमा धरून लागते. जड अॅम्पला ते झोंबतं.
- रेडिओ असलेला सेट शक्यतो नको. तिथला एफएम 76 ते 95 मेगाहर्ट्झ, आपली बरीच स्टेशनं त्याच्या वर.

दुरुस्ती, कॅपॅसिटर वगैरे नंतर बोलू. आधी मॉडेल नंबर आणि पट्टीचा फोटो टाका, मी बघतो.